ट्यूबा, १४७ सेंटिमीटर उंची आणि एक खुर्ची: बैठकीच्या मांडणीचा प्रकरण अभ्यास

ज्या वादकाच्या बैठकीचा हा अभ्यास आहे, त्या २६ वर्षांच्या असून त्यांची उंची १४७ सेंटिमीटर आहे. सुमारे आठ वर्षे त्यांनी युफोनियम हे ट्यूबासारखेच पण लहान पितळी वाद्य वाजवले. पुढे वाद्यवृंदात खर्जाची बाजू सांभाळणारे कोणी उरले नाही म्हणून, आणि त्याहून अधिक म्हणजे तो आवाज त्यांना मनापासून आवडत होता म्हणून, त्या ट्यूबाकडे, म्हणजे पितळी वाद्यांतल्या सर्वांत मोठ्या आणि खर्जाच्या वाद्याकडे, वळल्या. त्या वाद्यवृंदातील पितळी वाद्यांच्या खर्ज विभागाच्या तालमी मी घेतो. ट्यूबा हाती आल्यानंतर चौथ्या महिन्यात त्यांनी मला सांगितले की तालमीच्या दुसऱ्या तासात मांड्या बधिर होतात, उजवे मनगट दुखते, मानेच्या मागे ताण येतो आणि श्वास पुरत नाही. तोवर त्यांना निरनिराळ्या लोकांकडून एकच सल्ला मिळाला होता, तो म्हणजे वाद्य बदलण्याचा.

हा सल्ला मला मान्य नव्हता, आणि त्याचे कारण त्यांच्या चार तक्रारींतच होते. बधिर मांड्या, दुखरे मनगट, ताणलेली मान आणि अपुरा श्वास यांपैकी एकही गोष्ट वाजवण्याच्या कौशल्याशी संबंधित नव्हती. युफोनियमवर त्यांचा श्वास पुरत होता आणि मानही दुखत नव्हती. बदलले होते ते वाद्याचे आकारमान, आणि त्या आकारमानाशी जुळवून घेण्याचे सगळे ओझे खुर्चीने त्यांच्या शरीरावर टाकले होते. वादकांचे असे दुखणे पुष्कळदा ‘सरावाने जाईल’ म्हणून सोडून दिले जाते. अमेरिकेतील सिंफनी वाद्यवृंदांच्या दोन हजारांहून अधिक वादकांची जी पाहणी १९८८ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात ७६ टक्के वादकांनी वादनावर परिणाम करणारा किमान एक गंभीर शारीरिक त्रास असल्याचे नोंदवले होते. सरावाने दुखणे जात असते, तर इतक्या अनुभवी वादकांच्या नोंदीत ते दिसले नसते.

वाद्य लहान का करता येत नाही

व्हायोलिन शिकणाऱ्या लहान मुलाला अर्ध्या किंवा पाव मापाचे वाद्य मिळते. तार आखूड झाली तरी तिची जाडी आणि ताण बदलून तोच स्वर काढता येतो, म्हणून हे शक्य होते. सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यात ही सवलत नाही. तिथे स्वर ठरवतो तो नळीतल्या हवेचा स्तंभ, आणि खालचा बी-फ्लॅट हवा असेल तर ट्यूबाची नळी उलगडून सुमारे साडेपाच मीटर भरलीच पाहिजे, मग वाजवणारी व्यक्ती १४७ सेंटिमीटरची असो वा १९० सेंटिमीटरची. तीन-चतुर्थांश मापाचा म्हणून जो ट्यूबा मिळतो, त्याच्याही नळीची लांबी तेवढीच असते. फक्त नळीचा घेर कमी असतो आणि वेटोळी अधिक आवळलेली असतात. बाहेरून वाद्य बुटके आणि हलके होते, पण आवाजाचा भरीवपणाही काही प्रमाणात कमी होतो.

ट्यूबाचा जन्म लष्करी संगीताच्या गरजेतून झाला. प्रशियात विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान गॉटफ्रीड मोरिट्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी एफ स्वरातील बास ट्यूबाचे पेटंट घेतले. पुढे बी-फ्लॅटपर्यंत वाद्य मोठे होत गेले, तेव्हाही ते पेलणारे शरीर प्रौढ सैनिकाचेच गृहीत धरलेले असावे असे मला वाटते, कारण माउथपीसची (ओठ टेकवून फुंकायच्या तोंडाची) उंची, बोटांनी दाबायच्या झडपांची जागा आणि तळाच्या वळणाची रुंदी या तिन्ही गोष्टी उंच धडाला सोयीच्या आहेत. आमच्या प्रकरणातला ट्यूबा चार झडपांचा, बी-फ्लॅट स्वराचा, ९५ सेंटिमीटर उंच आणि साधारण १० किलो वजनाचा होता.

वाद्य बदलण्याचा सल्ला सरसकट चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. ब्रिटिश धाटणीच्या ब्रास बँडमध्ये बी-फ्लॅटपेक्षा लहान असलेल्या ई-फ्लॅट ट्यूबाच्या दोन स्वतंत्र जागा असतात, आणि युरोपातील कित्येक वाद्यवृंदांत एफ ट्यूबाला मानाचे स्थान आहे. एखाद्या वादकाला त्या वाद्याचा आवाज आणि त्याचे संगीत हवे असेल, तर तिने ते जरूर घ्यावे. माझा आक्षेप इतकाच आहे की तो निर्णय संगीताचा असावा, खुर्चीचा नसावा. या वादकाला बी-फ्लॅट ट्यूबाच वाजवायचा होता, आणि वाद्यवृंदालाही तोच हवा होता.

पहिले निरीक्षण

एक संपूर्ण तालीम मी हातात काहीही न धरता, केवळ त्यांच्या बैठकीकडे पाहत बसलो. सुरुवातीची दहा मिनिटे त्या खुर्चीच्या पाठीला टेकून बसल्या. पाय जमिनीपासून वर लोंबकळत होते, आणि खुर्चीची पुढची कड गुडघ्यांमागच्या लवणीत रुतत होती. थोड्या वेळाने त्या पुढे सरकल्या आणि खुर्चीच्या कडेवर जेमतेम बसून चवड्यांवर जमीन गाठू लागल्या. वाद्य त्यांनी दोन्ही मांड्यांच्या मधोमध, खुर्चीच्याच बैठकीवर टेकवले होते. माउथपीस ओठांपेक्षा वर येत असल्याने त्या वाद्य डावीकडे कलवत होत्या आणि उरलेले अंतर हनुवटी उचलून भरून काढत होत्या. हनुवटी वर गेली की मानेचा मागचा भाग आखडतो आणि घशाचा पुढचा भाग ताणला जातो. वाद्य कलले की झडपा दूर जातात, त्यामुळे उजवा खांदा वर चढतो आणि मनगट दुमडून बोटे झडपांपर्यंत न्यावी लागतात. डावा हात पूर्णपणे वाद्य सावरण्यात अडकला होता. स्वर जुळवण्यासाठी पहिल्या झडपेची नळी वाजवता वाजवता डाव्या हाताने मागेपुढे करावी लागते, पण त्यासाठी तो कधीच मोकळा होत नव्हता, म्हणून काही स्वर सतत चढे लागत होते. वाद्यवृंदाच्या संचालकांनी या चढ्या स्वरांबद्दल त्यांना दोनदा टोकले होते. त्या क्षणी मला हे फार लागले, कारण कानाची चूक म्हणून जे सांगितले जात होते ते प्रत्यक्षात अडकलेल्या हाताचे काम होते.

श्वासाचे कारणही समोरच दिसत होते. पाय टेकलेले नसले की ओटीपोटाचा भाग मागे घरंगळतो, कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते, पाठ पोक काढते आणि बरगड्या पोटावर येतात. श्वासपटलाला खाली उतरायला जागा हवी, आणि ती जागाच उरत नाही. ट्यूबाला दाब कमी लागत असला तरी हवा भरपूर लागते, आणि खालचे स्वर जोरात वाजवताना पूर्ण भरलेला श्वासही काही सेकंदांत संपतो. ज्या वादकाची फुप्फुसे शरीराच्या आकारानुसार लहानच आहेत, तिला पोक काढून बसवणे म्हणजे तिच्या आधीच मर्यादित असलेल्या हवेतला मोठा वाटा काढून घेणे होय.

मोजमाप

दुसऱ्या दिवशी आम्ही मोजपट्टी घेऊन बसलो. गुडघ्यामागच्या लवणीपासून तळपायापर्यंतची उंची ३६ सेंटिमीटर आणि बुटाचा तळ २ सेंटिमीटर, म्हणजे एकूण ३८ भरली. खुर्चीची बैठक ४६ सेंटिमीटरवर होती. ताठ बसल्यावर बैठकीपासून ओठांपर्यंतचे अंतर ५९ सेंटिमीटर होते. ट्यूबा सरळ उभा धरला तर त्याच्या तळापासून माउथपीसपर्यंतचे अंतर ६५ सेंटिमीटर भरले.

या चार आकड्यांतून दोन निरनिराळे प्रश्न समोर आले, आणि पुढचे सगळे काम या दोघांना वेगळे ठेवण्यावर अवलंबून होते. पहिला प्रश्न पाय आणि बैठक यांच्यामधल्या ८ सेंटिमीटरचा होता. दुसरा प्रश्न बैठक आणि ओठ यांच्यामधल्या उंचीचा होता. वाद्य आणि वादक एकाच पृष्ठभागावर टेकलेले असताना ओठ ५९ वर आणि माउथपीस ६५ वर, म्हणजे ६ सेंटिमीटरचा फरक पडत होता. केवळ वाद्य कलवून हा फरक भरायचा, तर ते साधारण २५ अंशांनी तिरके करावे लागते. त्यातले जेमतेम निम्मे त्या कलवत होत्या आणि बाकीचा भार मानेवर जात होता.

खुर्चीच्या उंचीबद्दल एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. शाळेच्या फर्निचरसाठी असलेल्या ईएन १७२९ या युरोपीय मानकात बैठकीच्या उंचीचे टप्पे वापरणाऱ्याच्या उंचीनुसार ठरवून दिलेले आहेत. त्यात ४६ सेंटिमीटरची बैठक १५९ ते १८८ सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीसाठी आहे, आणि १३३ ते १५९ सेंटिमीटर उंचीसाठी ३८ सेंटिमीटरची बैठक सांगितली आहे. तालमीच्या खोलीत मांडलेल्या बहुतेक खुर्च्या ४५ ते ४६ सेंटिमीटरच्या असतात. म्हणजे आमच्या वादक पहिल्यापासून त्यांच्यापेक्षा दोन मापे मोठ्या खुर्चीवर बसत होत्या, आणि ‘खुर्चीवर नीट बसा’ ही सूचना त्यांना पाळता येण्यासारखी नव्हतीच.

पहिला प्रयत्न, जो फसला

मानक वाचल्यावर मी जे केले ते कोणीही केले असते. ३८ सेंटिमीटर उंचीची खुर्ची शोधून आणली. पाय पूर्ण टेकले, मांड्यांवरचा दाब गेला, आणि पहिल्या वीस मिनिटांत मला वाटले की प्रश्न सुटला. त्यानंतर त्या म्हणाल्या, “सर, पाय टेकले, पण ओठ अजून पोहोचत नाहीत.”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते, आणि मोजपट्टीवर लिहिलेले आकडे समोर असूनही ते मला आधी दिसले नव्हते. ट्यूबा त्याच खुर्चीवर टेकलेला असतो. खुर्ची ८ सेंटिमीटरने खाली गेली, त्याबरोबर वादक ८ सेंटिमीटरने खाली गेल्या आणि वाद्यही तेवढेच खाली गेले. दोघांमधला ६ सेंटिमीटरचा फरक होता तसाच राहिला. बुटकी खुर्ची पायांचा प्रश्न सोडवते, ओठांच्या प्रश्नाला ती हातही लावत नाही. शिवाय तिने एक नवी अडचण निर्माण केली. आधी जमिनीपासून सुमारे ११२ सेंटिमीटरवर असलेले डोळे आता १०४ वर आले, आणि पुढच्या रांगेतील वादकांच्या डोक्यांआड संचालकांचा हात दिसेनासा झाला. दोन तालमींनंतर ती खुर्ची आम्ही बाजूला ठेवली.

हा प्रयत्न मी इतक्या सविस्तर लिहितो आहे, कारण कमी उंचीच्या वादकाला बुटकी खुर्ची देणे ही सर्वांत सहज सुचणारी, सर्वांत चांगल्या हेतूने केली जाणारी आणि मोठ्या सुषिर वाद्यांच्या बाबतीत बहुधा अपुरी पडणारी गोष्ट आहे. वादकाची बैठक आणि वाद्याची बैठक एकमेकींपासून सोडवल्याशिवाय दुसरा प्रश्न सुटत नाही.

गादी, ठोकळे आणि दुसरा प्रयत्न

वादक वाद्याच्या तुलनेत ६ सेंटिमीटर वर गेल्या पाहिजेत, हे एकदा स्पष्ट झाल्यावर मार्ग उलट्या दिशेचा निघाला. खुर्ची उतरवण्याऐवजी तीच ४६ सेंटिमीटरची खुर्ची ठेवायची, तिच्या मागच्या भागावर गादी घालून वादकाला उचलायचे, वाद्य मात्र पुढच्या उघड्या पट्टीवर, म्हणजे जुन्याच उंचीवर टेकवायचे, आणि पायांखाली आधार द्यायचा.

सुरुवातीला आणलेली ८ सेंटिमीटर जाडीची मऊ फोमची गादी बसताच निम्मी दबली. त्याहून वाईट म्हणजे, मऊ गादीत बैठकीची हाडे, म्हणजे ढुंगणाच्या तळाशी टेकणारी ती दोन हाडे, स्थिर राहत नाहीत. शरीर सतत सूक्ष्म तोल सावरत राहते, आणि खर्जाचा लांब स्वर धरताना तो थरथरणारा आधार आवाजात ऐकू येतो. मग प्लायवूडच्या फळीवर घट्ट फोमचा पातळ थर चिकटवून एकूण ६ सेंटिमीटरचा पाट केला, आणि घसरू नये म्हणून खाली रबराची जाळी लावली. बसण्याची उंची ५२ झाली, म्हणून पायांखाली १४ सेंटिमीटरचे ठोकळे लागले.

त्या दिवशी पहिल्यांदा माउथपीस त्यांच्या ओठांसमोर सरळ आले. हनुवटी आपोआप खाली आली. त्यांनी काही न वाजवता नुसता एक श्वास घेतला आणि त्या हसल्या. तरीही दोन उणिवा राहिल्या. खुर्चीच्या पुढच्या १५ सेंटिमीटरच्या पट्टीवर १० किलोचे वाद्य कडेला येत होते, आणि त्याला सावरण्यात डावा हात अजूनही अडकलेलाच होता. दुसरी उणीव मांड्यांची होती. वाद्याच्या तळाचे वळण रुंद असल्याने गुडघे बरेच फाकवावे लागत, आणि मांड्या आडव्या असताना इतके फाकवणे अर्ध्या तासानंतर खुब्याला जड जात होते.

अखेरची मांडणी

दोन्ही उणिवांवर एकत्र उपाय निघाला तो जमिनीवर उभ्या राहणाऱ्या ट्यूबाच्या स्टँडमुळे आणि बैठकीला दिलेल्या थोड्या उतारामुळे. स्टँडच्या तीन पायांवर एक कुशी असते. वाद्याचा तळ त्या कुशीत बसतो, आणि तिची उंची हवी तशी कमीजास्त करता येते. स्टँड खुर्चीच्या पुढे, गुडघ्यांच्या मधे उभा राहिला की वाद्याचा भार खुर्चीवर येत नाही, आणि त्याचा तळ खुर्चीच्या बैठकीपेक्षाही खाली नेता येतो. खुर्चीवर टेकवलेल्या वाद्याला हे कधीच शक्य नसते. वाद्य कुठे असावे हे त्यानंतर खुर्ची ठरवत नाही.

उताराची कल्पना जुनी आहे. अमेरिकन शल्यचिकित्सक जे. कीगन यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडी आणि धड यांच्यातला कोन काटकोनापेक्षा मोठा असताना कंबरेची कमान अधिक नैसर्गिक राहते, असे दाखवले होते. डेन्मार्कचे डॉक्टर ए. सी. मांडाल यांनी पुढे उतरत्या बैठकीचा सातत्याने पुरस्कार केला. मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या झाल्या की ओटीपोट पुढे झुकते, पाठ फारसे प्रयत्न न करता उभी राहते, आणि आमच्या दृष्टीने तितकेच महत्त्वाचे म्हणजे, खुबा मोकळा झाल्याने गुडघे फाकवणे सोपे जाते. मात्र उतार बेताचाच हवा. तो जास्त झाला तर वादक पुढे घसरते, घसरू नये म्हणून पायांनी रेटा देते, आणि तो रेटा पोटऱ्यांत व पाठीत साठतो. आम्ही मागची उंची साडेपन्नास आणि पुढची ४७ सेंटिमीटर ठेवली, म्हणजे उतार जेमतेम पाच अंशांचा झाला.

बैठकीची हाडे जिथे टेकतात तिथली उंची ४९ आली. त्यात ५९ मिळवून ओठ जमिनीपासून १०८ सेंटिमीटरवर आले, आणि त्यातून ६५ वजा करून स्टँडच्या कुशीची उंची ४३ ठरली. हे गणित कागदावर आधीच करून घेतल्यामुळे प्रत्यक्षात एकच बारीक फेरफार करावा लागला. ठोकळ्यांची उंची ४७ वजा ३८ म्हणजे ९ सेंटिमीटर निघत होती, पण पाय स्टँडच्या दोन्ही बाजूंना पसरल्यामुळे नडगी तिरकी होते आणि तिची उभी उंची कमी भरते. त्यामुळे ठोकळे १० सेंटिमीटरचे करावे लागले.

ठोकळ्यांबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण इथे चूक झाली तर ती अपघाताची ठरते. पायांखाली एकच सलग फळी ठेवली तर स्टँडचे पाय तिच्यावर येतात किंवा तिला अडतात, म्हणून दोन स्वतंत्र ठोकळे हवेत. आमचे ठोकळे पूर्ण पाऊल मावेल इतके, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब आणि १४ सेंटिमीटर रुंद आहेत. त्यांच्या तळाला रबर आहे, आणि एका पातळ पट्टीने ते मागच्या बाजूला एकमेकांना जोडलेले आहेत, जेणेकरून एकही ठोकळा एकटा सरकणार नाही. एका सहकाऱ्याने खुर्चीच्याच चार पायांखाली विटांसारखे सुटे ठोकळे घालून ती उंच करण्याचे सुचवले होते. ते मी स्पष्ट नाकारले. चार सुट्या आधारांवर उभी खुर्ची, तिच्यावर पुढे झुकणारी वादक आणि समोर पितळेचे १० किलो वजन, ही मांडणी व्यासपीठाच्या पायरीवर क्षणात कोसळू शकते. खुर्ची उंच करायचीच असेल, तर पायांची लांबी कमीजास्त करता येणारी खुर्ची घ्यावी, नाहीतर आम्ही केले तसे बैठकीवर घट्ट पाट घालावा.

माउथपीसकडे जाणारी नळी कारागिराकडून वाकवून घेऊन तिची उंची उतरवण्याचा पर्यायही असतो, आणि स्वतःच्या मालकीच्या वाद्यावर तो विचार करण्यासारखा आहे. आमचे वाद्य वाद्यवृंदाचे होते आणि ते उद्या दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार होते, म्हणून त्यात कायमचा बदल करणे योग्य नव्हते.

काय बदलले

मांड्यांचा बधिरपणा पहिल्याच आठवड्यात गेला. तो गेला नसता तर त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचे हे आधीच ठरले होते, कारण बधिरपणा टिकून राहिला तर त्याचे कारण खुर्चीपलीकडचेही असू शकते. मनगटाला अधिक वेळ लागला. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने त्यांनी तीन आठवडे तालमीचा वेळ निम्मा केला आणि मग हळूहळू वाढवला. मानेचा ताण बराच कमी झाला, पण लांब कार्यक्रमानंतर तो अजून जाणवतो, कारण हनुवटी उचलण्याची चार महिन्यांची सवय शरीर एका दिवसात विसरत नाही. माउथपीस समोर असूनही कधीकधी त्या सवयीने मान मागे टाकतात, म्हणून सुरुवातीचे लांब स्वर त्या आरशासमोर बसून वाजवतात.

वादनातला फरक मात्र मला अपेक्षेहून लवकर ऐकू आला. ज्या ओळीत पूर्वी तीन ठिकाणी श्वास घ्यावा लागे, तिथे दोन पुरू लागले. डावा हात मोकळा झाल्याने पहिल्या झडपेची नळी त्यांच्या ताब्यात आली आणि चढे स्वर खाली आले. डोळे आता जमिनीपासून ११५ सेंटिमीटरवर आहेत, त्यामुळे पुढच्या रांगेवरून संचालक दिसतात. नोटेशनचा स्टँड मात्र वाद्याच्या कडेने, थोडा बाजूला आणि नेहमीपेक्षा जवळ घ्यावा लागला. एका व्यक्तीवरून नियम बांधता येत नाही हे मला ठाऊक आहे, आणि हे आकडे दुसऱ्या कोणी तसेच्या तसे उचलू नयेत. बैठक ते ओठ आणि तळ ते माउथपीस ही दोन अंतरे प्रत्येक जोडीसाठी नव्याने मोजावी लागतात.

संचालकांची शंका वेगळी होती. व्यासपीठावर ठोकळे, पाट आणि स्टँड मांडायला वेळ जाईल आणि ते विचित्र दिसेल, असे त्यांना वाटत होते. वेळेचा प्रश्न खरा होता. पहिल्या कार्यक्रमात मांडणीला चार मिनिटे लागली. त्यानंतर आम्ही खुर्ची, स्टँड आणि ठोकळे यांच्या जागा दाखवणारी एक कापडी चटई कापून घेतली, तिच्यावर रंगाने खुणा केल्या, आणि आता हे काम एका मिनिटात होते. दिसण्याबद्दल मी त्यांना एवढेच म्हटले की उंच वादकाला त्याच्या मापाची खुर्ची मिळते तेव्हा ती सोय आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

इतर वाद्यांकडे

या प्रकरणानंतर विभागाबाहेरचे दोघे-तिघे मोजपट्टी मागायला आले. बसून (bassoon) नावाच्या लांब सुषिर वाद्याच्या वादकाची अडचण आमच्यासारखीच निघाली, पण उलट बाजूने. हे वाद्य सुमारे १३४ सेंटिमीटर उंच असते, आणि बैठकीखालून जाणारा पट्टा त्याचा भार घेतो. वादकाचे धड लहान असेल तर वाद्य अधिक खाली उतरवावे लागते, आणि खुर्ची बुटकी असेल तर त्याचे खालचे टोक जमिनीला लागण्याच्या बेतात येते. म्हणजे तिथेही हवी होती ती उंच बैठक आणि पायांखाली ठोकळे. खालच्या सी स्वरापर्यंत जाणाऱ्या बास क्लॅरिनेटची खालची टेकूची सळई पूर्ण आत सरकवली तरी माउथपीस वरच राहते, असे सांगणारी वादकही आमच्याकडे आहे, आणि तिला त्याच मांडणीने आराम पडला. बॅरिटोन सॅक्सोफोन खांद्यांवरच्या पट्ट्यांना अडकवून बाजूला लोंबकळतो, आणि बुटक्या खुर्चीवर त्याचे खालचे वळण जमिनीवर किंवा खुर्चीच्या पायावर आपटते. त्याच्याही बाबतीत मी आता बैठक उतरवण्याचा विचार सर्वांत शेवटी करतो.

आमच्या मांडणीत अजून एक गोष्ट सुटलेली नाही. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात स्टँडचे तीन पाय मऊ जमिनीत कमीजास्त रुततात आणि कुशीची उंची वाजवता वाजवता बदलते. मागच्या वेळी मध्यंतरापर्यंत ती जवळपास २ सेंटिमीटरने खाली गेली होती, आणि वादकांना पाठ वाकवून ओठ खाली न्यावे लागले. तेव्हापासून खुर्ची, ठोकळे आणि स्टँड हे सगळे एकाच जाड फळीवर मावतील, आणि ती फळी दोन तुकड्यांत दुमडून नेता येईल, अशा रचनेवर आम्ही काम करत आहोत. फळीचा पहिला नमुना कापून झाला आहे. बिजागरीच्या जागी ती लवचते, म्हणून तिच्याखाली आडवी पट्टी बसवण्याचे काम चालू आहे.